हिरी कोणत्या दिवशी जन्मली

६ जानेवारी १९६८, शनिवार

'आजच्या दिवशी १८३२ साली मुंबईत दर्पण हे मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र निघालं.' फळ्यावर लिहून मागे वळते तोच तिसरीतल्या चिंगीनं विचारलं, "बाई, ते अजून निगतं का?" म्हटलं, नाही. "मंग आता काय त्याचं?"

म्हटलं, वर्गात बस!

हा दिनविशेषाचा उद्योग आमच्या हेडमास्तरांचा, महिपती गुरुजींचा. नव्या वर्षापासून शाळेच्या दारातल्या फळ्यावर रोज एक दिनविशेष लिहायचा. लिहायचा अर्थातच मी. शाळेत शिक्षक दोनच, ते आणि मी. तीन जाडजूड पुस्तकं आणून दिली आणि वर बजावलं — "तारीख चुकता कामा नये, नंदाबाई."

मळवली स्टेशनाकडे जाणारी माणसं थांबून वाचतात. ज्यांना येत नाही ती दुसऱ्याकडून वाचून घेतात. तेवढं बरं वाटतं.

८ जानेवारी, सोमवार

हिरी आली होती. ठाकरवाडीवरच्या शिदूभाऊंची मुलगी. अख्ख्या वाडीतून सातवी पास झालेली पहिली, आणि अजून तरी एकटीच. दिवाळीनंतर देवी टोचायला नर्सबाई आल्या तेव्हा ही चार दिवस त्यांची पेटी घेऊन घरोघर हिंडली. रडून आकांत करणारी पोरं हिच्या मांडीवर गप्प! नर्सबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, हिला आमच्याकडे पाठवा. आता खरंच पुण्याहून फॉर्म पाठवलाय. नर्सिंगचं ट्रेनिंग, राहणं-जेवण तिथेच.

एकच अट नडली. १ मार्चला वय अठरा पूर्ण हवं. रजिस्टर काढलं. हिरी — १ जून १९५१. म्हणजे सतरासुद्धा नाहीत!

हिरी म्हणाली, "असं कसं बाई? येसू आन् मी बरोबरीच्या. तिला दोन पोरं हायेत."

मग रजिस्टर चाळलं. वाडीची चौदा मुलं पटावर. चौदाही १ जूनची!! एका दिवशी वाडीवर चौदा वाढदिवस! गुरुजींना विचारलं तर चष्मा पुसत म्हणाले, "नाव घालायला येतात तेव्हा कुणाला तारीख ठाऊक नसते. शाळा जूनमध्ये भरते. सोपं पडतं."

मी दारात दोन-दोनशे वर्षांपूर्वीच्या तारखा लिहिते, आणि आत कपाटात हे.

फॉर्म २० फेब्रुवारीपर्यंत पोचला पाहिजे. हिरी जाता जाता म्हणाली, "बा म्हनतो, या साली झालं तर झालं. न्हाईतर वैशाखात लगीन." हसत म्हणाली, पण फॉर्म छातीशी धरला होता तो सोडला नाही.

१० जानेवारी, बुधवार

शाळा सुटल्यावर वाडीवर गेले. चढ कसला, भिंतच. चपलेचा अंगठा तुटला, पुढे अनवाणी.

हिरीची आई सावित्राबाई दारात नाचणी पाखडत होती. म्हटलं, हिरी कोणत्या दिवशी झाली? म्हणाली, "दिस? आमाला कुटला दिस ठावं, बाई." थोडं पाखडलं. मग आपणहून — "पर झेंड्याचा दिस व्हता."

मी सूपच धरलं. म्हटलं, सगळं सांगा.

लोणावळ्याला लाकडाची मोळी विकायला गेली होती. नऊ महिने भरलेले! बाजार बंद. घरोघर पताका, बँड, शाळेची पोरं रांगेनं. मोळीकडे कुणी बघेना. एका माणसानं तिलाही रांगेत उभं केलं, म्हणाला, आज आपला दिवस आहे. झेंडा चढला. हातावर बुंदी पडली. परत येताना ओढ्यापाशी पोटात कळ आली. करंजाच्या झाडाखाली बाळंत झाली. कोयता जवळ होताच.

"मंग? घरी कशा आलात?"

"कशी म्हंजे? चालत. मोळी बी परत आनली, आन् पोर बी."

हे सांगून पुन्हा पाखडायला लागली!

झेंड्याचा दिवस. १५ ऑगस्ट १९४७! म्हणजे हिरी विशीची. उतरताना अनवाणी आहे हे विसरून पळत आले.

१३ जानेवारी, शनिवार

सकाळची शाळा उरकून गाडीनं वडगावला. कचेरीत जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या आहेत. गावोगावचे पोलीस पाटील लिहून पाठवायचे त्या. कारकून हनुमंतराव माणूस चांगला, पण सरळ म्हणाले, "बाई, मला दिवस, महिना, साल सांगा, वही काढून देतो. 'कधीतरी झाली' म्हणालात तर या खोलीत तुमची-माझी हयात जाईल." खोली बघितली. खरं होतं.

ऑगस्ट १९४७ काढला. आमच्या गावच्या त्या महिन्यात तीन नोंदी. दोन गावातल्या, एक मयत. हिरी नाही. मागचा-पुढचा महिनाही पाहिला. नाही.

परतीच्या गाडीत खिडकीशी बसून रडू आलं. मूर्खपणा! मुलगी माझी ना माझ्या नात्याची. घरी आल्यावर शालूबाईंना सांगितलं — मी राहते ते घर त्यांचं. म्हणाल्या, "झेंडा काय एकदाच चढतो व्हय? वरसातनं धा येळा चढिवत्यात ही लोकं." म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. भाजी करपली ती माझ्याच वाट्याची.

१६ जानेवारी, मंगळवार

'१७७९ : वडगाव येथे मराठ्यांपुढे इंग्रजांनी हात टेकून तह केला.' एका पुस्तकात सोळा तारीख, दुसऱ्यात सतरा. एवढ्या मोठ्या फौजेच्या तहाची ही कथा, तर हिरीचं काय घेऊन बसलात!

चिंगीला मात्र आवडलं. "आपल्या वडगावात? खरंच? आमच्या मामाच्या वडगावात?"

१९ जानेवारी

काही नाही. हिरी रोज येऊन विचारते. रोज नाही सांगायचं.

२६ जानेवारी, शुक्रवार

आज लिहायला हात थांबत नाही!

सकाळी झेंडावंदन. कडाक्याची थंडी, पोरं उन्हाच्या पट्ट्यात सरकून सरकून रांगा वाकड्या. चिंगी कविता म्हणाली, मधेच विसरली, पहिल्यापासून म्हणाली. हिरीसोबत सावित्राबाईही आली होती, कुंपणाशी उभी. बुंदी वाटताना तिच्याही हातावर ठेवली. ती हाताकडे बघत राहिली. म्हणाली —

"आस्संच व्हतं तवा बी."

"काय?"

"असाच गारठा. आमी समदी उनाला उभी. पोरीला गुंडाळाया काय नव्हतं, म्हून वालाच्या मळ्यात बसलेल्या बाईनं पदर फाडून दिला. शेंगा तोडीत व्हती ती."

वालाच्या शेंगा! थंडी! ऑगस्टात कुठला वाल? आमच्याकडे ऑगस्टात माणूस छत्रीबाहेर डोकं काढत नाही, उन्हाला कुठून उभा राहणार? मी विचारलं, "सावित्राबाई, पाऊस नव्हता?"

"पाऊस? कसला पाऊस, बाई? वढ्याला घोट्याएवढं पानी."

फळ्याकडे बघितलं. माझ्याच अक्षरात — '१९५० : आजच्या दिवशी भारत प्रजासत्ताक झाला.'

मी ओरडलेच! हिरीला धरून गोल फिरवलं. म्हटलं, अगं आज! आजच! आज तुला अठरा पूर्ण झाली! पोरं टाळ्या वाजवायला लागली, कशासाठी ते त्यांना कळलंच नव्हतं. उरलेली सगळी बुंदी हिरीच्या ओंजळीत. ती म्हणाली, "म्हंजे ही बुंदी माजीच का, बाई?"

गुरुजी तेवढे लांब उभे. म्हणाले, "कागद मिळेपर्यंत फार उड्या मारू नका." असतो एकेकाचा स्वभाव.

शालूबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मी काय म्हनलं व्हतं?"

२७ जानेवारी, शनिवार

वडगाव. जानेवारी १९५०. हनुमंतरावांनीच पान उलटलं आणि माझ्याकडे वही फिरवली.

'ता. २६. ठाकरवाडी. बाप शिदू ठाकर, आई सावित्रा. मुलगा.'

मुलगा!!

तीनदा वाचलं. शाई फिकट, पण शब्द स्वच्छ. हनुमंतराव म्हणाले, "बाई, नर्सिंगला मुलगा घेतात का?" मग माझं तोंड बघून गंभीर झाले. म्हणाले, लिहिणारा आणि सांगणारा दोघं हयात असतील तर मामलेदारांपुढे जबाब द्या. दुरुस्ती होते. कधी कधी.

२८ जानेवारी, रविवार

सकाळीच वाडीवर. शिदूभाऊ कुंपण बांधत होते. सांगितलं, वहीत मुलगा लिहिलंय. मला वाटलं हसतील, पाटलांना शिव्या घालतील. त्यांनी काठी खाली ठेवली.

"पाटलाची चूक न्हाई. म्याच सांगितला पोरगा."

"का हो?"

हिरी आणि सावित्राबाईही बाहेर आल्या होत्या. मग म्हणाले —

"हिच्या आगुदर दोन पोरी झाल्या. तवा म्या सांगाया गेलतो गावात. चावडीवर एक जन बसल्याला. म्हनला, पोरगी ना? मंग राहू दे की, तिचं काय लिवायचं. न्हाई लिवलं. दोगी बी गेल्या देवीत. कुटंच नाव न्हाई त्यांचं. मंग ही झाली. मला लय वाटलं, हिला तरी लिवावी. पोरगा म्हनलं की लिवत्यात. म्हून सांगितला पोरगा."

हिरीनं जाऊन बापाची काठी उचलली आणि कुंपणाचं दुसरं टोक धरलं. बाप-लेक पुन्हा कुंपण बांधायला लागले. मी पण वेल ओढून दिली. हाताला काटे.

३० जानेवारी

अकरा वाजता दोन मिनिटं स्तब्ध. चिंगी शिंकली.

५ फेब्रुवारी, सोमवार

आमची वरात वडगावला! शिदूभाऊ, सावित्राबाई, हिरी, वाडीचे दोन पंच, मी, आणि भिमाजी आबा. नोंद आबांनीच लिहिली होती, तेव्हाचे पोलीस पाटील. आता ऐंशीला टेकलेत, डोळ्यांत मोतीबिंदू, कानांनी संप केलेला. पण जबाब म्हटल्यावर पेटीतला पाटीलकीचा काळा कोट काढला. डांबराच्या गोळ्यांचा वास गाडीभर! स्टेशनपर्यंत बैलगाडी, आबा मधोमध, आम्ही कडेनं.

मामलेदारांपुढे आधी आबा. साहेबांनी विचारलं, मुलगा असं का लिहिलंत? आबांना दोनदा ओरडून सांगावं लागलं. मग त्याहून मोठ्यानं म्हणाले, "त्यानं सांगितलं, म्या लिवलं! पोर बगाया मी काय वाडीवर चढनार व्हतो?" शिपाई तोंडावर हात धरून बाहेर गेला.

मग शिदूभाऊ. मला धाकधूक, खोटं सांगितलं म्हणून साहेब चिडले तर? पण शिदूभाऊंनी जसं कुंपणाशी सांगितलं तसंच्या तसं सांगितलं. एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. शेवटी म्हणाले, "खोटं बोललो ते खरंच हाय, सायेब. काय करायचं ते करा. पर पोरीचं काम करा."

साहेबांनी टाक खाली ठेवला. खिडकीबाहेर बघितलं. मग विचारलं, "तो मुलगा कुठे आहे?"

शिदूभाऊंनी हिरीला दंडाला धरून पुढे केलं. "ह्यो काय!"

सगळी कचेरी हसली. साहेबसुद्धा! हिरी लाल झाली. सगळे कशाला हसले हे आबांना येताना गाडीत पुन्हा ओरडून सांगितलं, तेव्हा ते एकटेच तळेगावपर्यंत — छे, तळेगाव उलट्या बाजूला. कामशेतपर्यंत हसत होते. मीही आज भानावर नाही!

१२ फेब्रुवारी, सोमवार

हुकूम आला! 'मुलगा' याऐवजी 'मुलगी, नाव हिरी' असे वाचावे. शिक्का, सही, सगळं. हनुमंतरावांनी स्वतः पोस्टात टाकला, पाकिटावर बारीक अक्षरात — 'फॉर्म वेळेत पाठवा.'

आता फक्त आमच्या रजिस्टरात दुरुस्ती आणि नवा दाखला. गुरुजींची एक सही.

१३ फेब्रुवारी

गुरुजी म्हणाले, आज नको, पोट दुखतंय.

१४ फेब्रुवारी, बुधवार

आज सरळच विचारलं. हुकूम समोर ठेवला. गुरुजींनी तो तीनदा वाचला, घडी घातली, उलगडला. म्हणाले, "नंदाबाई, एक तारीख उघडली की सगळ्या उघडतात."

"उघडू द्यात की! चौदाच्या चौदा उघडू. मी जाते वाडीवर."

"तुम्ही तरुण आहात," म्हणाले आणि घंटा द्यायला उठून गेले. घंटेला दहा मिनिटं होती.

इन्स्पेक्टरची भीती, दुसरं काय! मोठी मोठी युद्धं तारीखवार पाठ आणि एका पोरीच्या ओळीवर सही करवत नाही. संध्याकाळी शालूबाईंपुढे भडाभडा बोलले. त्या म्हणाल्या, "मानूस वाईट न्हाई. माझ्या धाकट्याला फी न घेता शिकवलं त्यानं." ते मलाही माहीत आहे, म्हणून तर राग येतो.

१६ फेब्रुवारी, शुक्रवार

सही झाली.

मी मागितली नव्हती. दुपारच्या सुट्टीत शिदूभाऊ आले, रानातला मध घेऊन. गुरुजींपुढे ठेवला आणि नुसते उभे राहिले. गुरुजींनी विचारलं, "शिदू, मामलेदारासमोर खोटं कबूल करताना भीती नाही वाटली?"

"वाटली की. गाडीत बसल्यापून पाय कापत व्हते."

"मग?"

"मंग काय? बोललो. बोलल्यावर ऱ्हायले कापायचे."

गुरुजींनी रजिस्टर मागवलं. लाल शाईनं १ जून खोडलं, वर लिहिलं २६ जानेवारी १९५०, कडेला सही. अक्षर त्यांचं मोत्यासारखं. दाखला स्वतः लिहिला. मधाचं बोट चाटून म्हणाले, "करवंदाच्या फुलांचा आहे," आणि वर्गात गेले.

मी परवा काय काय बोलले होते! बरं की फक्त शालूबाईंनी आणि या वहीनं ऐकलं.

१९ फेब्रुवारी, सोमवार

पोस्टावर भरवसा नको म्हणून रजा काढून हिरीला घेऊन पुण्याला. फॉर्म हातात दिला, पोच घेतली. हिरी पुण्यात पहिल्यांदाच. रस्ता ओलांडताना माझा हात धरला तो स्टेशन येईपर्यंत सोडला नाही. पण हॉस्पिटलच्या दारात सोडला, आणि एकटी आत गेली.

२९ फेब्रुवारी, गुरुवार

आजच्या पानावर पुस्तकात एकच नाव — मोरारजी देसाई, जन्म १८९६. चिंगी म्हणे, "मंग त्यांना चार वरसांतनं एकदाच लाडू?" म्हटलं, हो. वर्ग हळहळला.

वाडीचे लोक आता येताजाता सांगतात. बारकू भूकंपाच्या पहाटेचं आपलं बाळ सांगून गेला — त्याला तारीख पाठ, ११ डिसेंबर! रतन म्हणाली, तिचा मुलगा पानशेत फुटलं त्याच्या तिसऱ्या दिवशीचा. मी सगळं एका वहीत टिपते आहे. नऊ झाली.

९ मार्च, शनिवार

निवड झाली!!!

पत्र पोस्टमननं फळ्यापाशीच दिलं, हिरी तिथेच होती. फोडायचं धाडस होईना म्हणून मी फोडलं. १ एप्रिलला हजर. वाडीवर सांगायला दोघी पळत गेलो. निम्म्या चढावर माझा दम गेला, ती पुढे. वरून सावित्राबाईचा आवाज ऐकू आला, हाका नव्हेत, नुसताच आवाज. पोचले तेव्हा शिदूभाऊ अंगणात उकिडवे बसून पत्र उलटसुलट करत होते. वाचता येत नाही. विचारलं, "ह्यात तिचं नाव कुटं हाय?" मी बोट ठेवलं. त्यांनी त्यावर आपलं बोट ठेवलं.

"मुलगीच लिवलंय ना?"

म्हटलं, कुमारी लिहिलंय, भाऊ.

११ मार्च, सोमवार

शाळेत गेले तर गुरुजी माझ्या आधी हजर. टेबलावर जिल्हा परिषदेच्या नावाचा अर्ज, खाली सही. त्यांची जन्मतारीख दप्तरी १९११ आहे, खरी १९०८. नोकरी लागताना वडिलांनी तीन वर्षं कमी सांगितली होती. दोन वर्षांपूर्वीच निवृत्त व्हायला हवं होतं. "शिदूला विचारलं त्या दिवसापासून माझे पाय कापत होते," म्हणाले. "आता राहिले." कपाटाच्या किल्ल्या पुढे सरकवल्या. नवा माणूस येईपर्यंत शाळा माझी.

म्हटलं, गुरुजी, चहा घ्या.

"आधी घंटा द्या, बाई. अकरा वाजले."

मी घंटा दिली.